जे पोचलं ते

रियाजनं काळा डबा काउंटरवर ठेवला, त्याच्या पुढच्या दोन भोकांवर दोन बोटं टेकवली आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं. भागवतरावांना कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागते, हे त्याला सौदीत दम्मामला दोघं एका खोलीत राहत तेव्हापासून ठाऊक होतं. पहिल्यांदा ते नुसते ऐकतात, दुसऱ्यांदा मान हलवतात आणि तिसऱ्यांदा कुठे त्यांना समजायला सुरुवात होते.

"हे एक नंबर, जाड पिनचं. ह्याच्यात हेडफोन लावला की टेपातून जे निघतं ते सरळ तुमच्या कानात. हे दोन नंबर, बारीक पिनचं. टेपातून निघालेलं कम्प्युटरपर्यंत जातं, तिथं जमा होतं, आन् तिथून वापस येतं ते ह्याच्यात. एक म्हणजे जे निघालं, दोन म्हणजे जे पोचलं. मग कुठं लावायचं?"

"दोनला."

"कामून?"

"पोचलं का न्हाई ते कळाय पाहिजे."

"पास," रियाज म्हणाला आणि जाड पिनेला बारीक करणारा एक बोटाच्या पेराएवढा जोड त्यांच्या तळहातावर ठेवला. भागवतरावांचा हेडफोन दम्मामचा, वाटीएवढ्या कानांचा आणि जाड पिनेचा. तो दोन नंबरात तसा बसला नसता.

डबा वीतभर लांबीचा होता. एका अंगानं कॅसेटचा आवाज आत घ्यायचा, तो कम्प्युटरला कळेल असा करायचा आणि मागच्या वायरीनं पुढे धाडायचा, एवढंच त्याचं काम. नांदेडच्या इतवारा बाजारातल्या रियाजच्या दुकानात आता टेप दुरुस्तीला कोणी आणत नाही. पण लग्नाच्या, कीर्तनाच्या, मेलेल्या माणसांच्या कॅसेटा पेन ड्राइव्हवर भरून घ्यायला लोक अजून येतात, आणि रियाजचं बरं चाललेलं असतं.

त्यानं भागवतरावांची कॅसेट उजेडात धरली. खिडकीतून दिसणारी पट्टी जागोजाग पांढुरकी झाली होती. "मसाला सुटायला हिचा. एकदाच चालंल, भाऊ. एकदा फिरली की निम्मा मसाला टेपाच्या हेडलाच चिकटून बसणार. दुसऱ्यांदा लावायचा हट्ट करू नका. न्हाई तर द्या इकडं, मीच करून देतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

भागवतरावांनी कॅसेट उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. "तुला कशाला तकलीफ."

तकलीफ वगैरे काही नव्हती. बायकोचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं, आणि ते रियाजलाही कळलं. तो हेडफोन मुळात त्यासाठीच घेतलेला होता. तिकडे एका खोलीत दहा माणसं राहत. गावाकडून कॅसेट आली की बाकीचे नऊ जण झोपल्याचं सोंग घेऊन कान टवकारून पडायचे, आणि त्यात हा रियाज सगळ्यात पुढे.

भागवतराव आता सदुसष्ट वर्षांचे. मूळ भोकरकडचे. सहा वर्षं सौदीत टाक्यांचं वेल्डिंग केलं, परत येऊन नांदेडात ग्रिल-गेटाचं दुकान टाकलं, ते शेवटी गुडघ्यांनी बंद पाडलं. घणाच्या आवाजानं उजवा कान आधीच निम्मा गेला होता. गेल्या वर्षी श्रावणात केवळाबाई गेल्या आणि दोन खोल्यांच्या घरात भागवतराव, एक फ्रीज आणि जावयानं दिलेला जुना लॅपटॉप एवढेच उरले. त्यांच्यापैकी फ्रीज तेवढा अधूनमधून आवाज करायचा.

मुलगी वर्षाराणी लातूरला दिलेली. ती रोज दुपारी एकला फोन करते.

"जेवलाव का, दादा?"

"हाव. तू?"

"हाव. गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

झाला फोन. आधी असं नव्हतं. आधी ती आईशी तासभर बोलायची आणि भागवतराव शेजारी बसून "काय म्हणती?" एवढं विचारायचे. लेकीच्या जन्मानंतर सहाव्या महिन्यात ते विमानात बसले होते, परत आले तेव्हा ती पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होती. त्यानंतर बापलेकींचं जे काही होतं ते केवळाबाईंच्या मार्फतच चाललं. लेक बापाचं बरंवाईट आईला विचारायची, बाप लेकीचं बायकोला. भांडण कसलंच नव्हतं, आणि नेमकं तेच अवघड होतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

महिन्याभरापूर्वी मात्र वर्षाराणी फोनवर चाळीस सेकंदांच्या पुढे गेली. "वर्षसरादाला सगळे माझ्याकडं येणार हायत. माझ्या फोनात आईचे दोनशे फोटू हायत, दादा, आवाज एक बी न्हाई. पोरं आजीचा आवाज विसरायलेत. मला बी आता नीट आठवंना. ती कॅसेट हाय ना तुमच्यापाशी?"

केवळाबाई फोनसमोर कधी बोलल्या नाहीत. कोणी व्हिडिओ काढायला लागलं की तोंड मिटून घ्यायच्या. टेपाशी मात्र अर्धा अर्धा तास बोलत, कारण टेपात नवरा आहे हे त्यांना माहीत होतं. फोनात कोण बसलंय ते त्यांना कधी कळलं नाही.

कॅसेट एकच होती. केवळाबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून भागवतरावांनी पहिल्या सुट्टीत टेप आणून दिला होता. पहिली बाजू त्यांची, दुसरी बायकोची. सुट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून कॅसेट इकडून तिकडे फिरायची. ज्याच्याकडे पोचली त्यानं समोरच्याचं ऐकायचं, मग आपल्या बाजूचं जुनं पुसून त्यावर नवं बोलायचं आणि परत धाडायचं. उत्तर यायला तीन-चार महिने लागत. तोवर आपण काय बोललो होतो ते आपल्यालाच आठवत नसे, आणि ते तर पुसूनही गेलेलं. त्यावर केवळाबाईंनी स्वतःचीच एक रीत काढली. त्या आधी नवऱ्याचं आलेलं सगळं बोलणं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवत. तुम्ही म्हणलाव की असं, तुम्ही म्हणलाव की तसं. ते संपलं की म्हणत, "हे झालं तुमचं. आता माझं ऐका." आणि मग स्वतःचं सुरू. एवढं कशाला, म्हणून भागवतरावांनी एकदा विचारलं होतं. "मला काय काय पोचलं ते तुमाला कसं कळंल मग," असं उत्तर आलं, चार महिन्यांनी. पुढे त्यांनाही तीच सवय लागली. खोलीतले नऊ जण त्यांना "तू म्हणलीस" म्हणूनच हाक मारत.

कॅसेट शेवटच्या खेपेला सत्त्याण्णव साली पोचली. ती ऐकून त्यांनी उत्तर भरलं नाही. ते स्वतःच निघून आले. नंतर ती पुन्हा ऐकावी असं सत्तावीस वर्षांत कधी वाटलं नाही. बायको आत भाकरी थापत बोलत असताना तिची कॅसेट कोण लावतो? आणि ती गेल्यावर लावायचा धीर होईना.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा एका सकाळी अकरा वाजता भागवतरावांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रीजचाही प्लग काढला. रियाजनं दिलेला टेप, डबा, लॅपटॉप असं सगळं ओळीनं मांडलं. जोड चढवून हेडफोन दोन नंबरात लावला, लॅपटॉपवरचा आवाज भरायचा लाल ठिपका दाबला आणि टेप सुरू केला.

आधी नुसती खरखर. मग कुठेतरी शेळी ओरडली. लांब गावातल्या गिरणीची फुकफुक ऐकू आली. मग त्या फुकफुकीतून केवळाबाई म्हणाल्या, "ऐकायलाव ना? मी बोलायले."

भागवतराव "हाव" म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले.

"तुम्ही म्हणलाव की तिकडं लई ऊन हाय आन् टाकीच्या आत उतरलं की अंगाची भाजी होती. तुम्ही म्हणलाव की रियाजभाऊला ताप आलता आन् तुम्ही त्याला पेज करून घातली, पर ती करपली. तुम्ही म्हणलाव की औंदा सुट्टी न्हाई, फुडल्या साली दोन महिन्याची भेटंल..."

आवाज पातळ होता. कम्प्युटरपर्यंत जाऊन यायचं म्हणून जरासा उशिरा येत होता, आणि बारका. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी उजव्या कानात जवळजवळ काहीच नाही. सत्तावीस वर्षांनी बायको बोलतेय आणि ती शेजारच्या घरातून बोलल्यासारखी ऐकू येतेय, याचा भागवतरावांना राग आला. रियाजचा, डब्याचा, स्वतःच्या कानाचा, सगळ्यांचा मिळून एकच राग. तरी दोन मिनिटं त्यांनी दम धरला. आपलंच बोलणं तर होतं.

मग केवळाबाई म्हणाल्या, "हे झालं तुमचं. आता माझं ऐका."

आता ती तिचं सांगणार होती. भागवतरावांना ते नीट ऐकायचं होतं. त्यांनी डावा हात डब्यावर दाबून पिन उपसली, जोड काढून फेकला आणि जाड पिन एक नंबरात खुपसली.

आणि ती आली. थेट कानाशी. श्वास घेतल्याचं ऐकू आलं, बांगडी टेपाला लागल्याचं ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले. लॅपटॉपचा पडदा थोड्या वेळानं काळा झाला, पण तो आपोआप काळा होतो, आत काम चालूच असतं, असं रियाजनं सांगितलेलं होतं. तेही तीनदा.

केवळाबाईंनी तुरीचं सांगितलं, पडलेल्या भिंतीचं सांगितलं, गिरणीवाल्यानं दुसरं लग्न केल्याचं चवीनं सांगितलं. मग लेकीचं सांगितलं. "पोरगी तुमाला टेपातले दादा म्हणती. जेवाय बसलो की टेपाला ताट वाढ म्हणती. मी वाढते. आन् मग ते ताट मीच खाते, सांगू नका कुणाला." इथे त्या हसल्या. भागवतरावही हसले, आणि डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा धरला तो शेवटपर्यंत धरूनच ठेवला. "तुमचा आवाज तिला पक्का वळखू येतो. तोंड इसरायली. फोटू दावला तर हे कोण म्हणती."

बाजू संपत आली तेव्हा केवळाबाईंचा आवाज खाली आला. "एक इचारायचं हाय. दर बारीला तुम्ही ऊन सांगताव, जेवण सांगताव, रियाजभाऊचं सांगताव. तिथं तुमाला एकलं वाटतं का ते कधी सांगत न्हाई. तेवढं मला सांगा." थोडा वेळ नुसती गिरणी. "आन् आता कॅसेट धाडू नका. या."

खट् आवाज करून टेप थांबला.

शेवटचा शब्द भागवतरावांना या सगळ्या वर्षांत रोज आठवत होता. त्याच एका शब्दावर ते राजीनामा देऊन निघाले होते. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र त्यांना मुळीच आठवत नव्हता. तिकिटाच्या गडबडीत तो तिकडेच राहून गेला आणि केवळाबाईंनीही पुन्हा कधी विचारला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. पडदा उजळला. आवाजाची निळी रेघ डाव्या कोपऱ्यात बोटभर सरकून थांबली होती. दोन मिनिटं दहा सेकंद. त्यापुढे काही नाही.

त्यांनी डबा उचलून फिरवला. कम्प्युटरकडे जाणारी मागची वायर निम्मी बाहेर आली होती. पिन बदलताना ज्या हातानं डबा दाबून धरला, त्याच हातानं ती निसटली होती. दोन नंबरला कान असता तर त्याच घडीला सगळं गप्प झालं असतं आणि त्यांना कळलं असतं. एक नंबरला टेपातून निघालेलं शेवटपर्यंत येत राहिलं, स्वच्छ, सुरेख. ते फक्त भागवतरावांपर्यंत आलं.

मग त्यांनी जे करायचं नव्हतं तेच केलं. वायर खुपसली, कॅसेट मागे फिरवली, पुन्हा लावली. विहिरीच्या तळातून कोणीतरी पुटपुटावं तसं काहीसं ऐकू आलं आणि टेप करकरला. झाकण उघडलं तर पट्टी रबरी चाकाला वेटाळून तुटली होती. बोटांना तपकिरी भुकटी लागली. ती त्यांनी पुसली नाही. तशीच बोटं घेऊन इतवाऱ्यात गेले.

रियाजनं कॅसेट पाहिली, बोटं पाहिली. "एक नंबरला लावलं ना?"

"तिथं लई साफ ऐकू येत हुतं."

रियाजनं चहा मागवला आणि दोघांनी तो खाली बघत प्यायला.

पुढचे तीन दिवस एक वाजता फोन आला आणि "जेवलाव का"ला भागवतराव "हाव" म्हणाले. तिसऱ्या दिवशी वर्षाराणीनं भीत भीत विचारलं, "कॅसेटचं झालं का?" ते "करायलो" म्हणाले. एवढं मोठं खोटं बोलायची सवय नसल्यामुळे फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. लेकीनं आजवर त्यांच्याकडे एकच वस्तू मागितली होती. ती त्यांनी स्वतःच्या कानात ओतून संपवली होती. चोरी वेगळी काय असते?

चौथ्या दिवशी ते पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. वाचलेलं दोन मिनिटांचं तरी ऐकावं म्हणून. ते फक्त दोन नंबरलाच ऐकू येणार होतं. पलंगाखाली रांगत जाऊन त्यांनी फेकलेला जोड शोधून आणला.

"तुम्ही म्हणलाव की रियाजभाऊला ताप आलता आन् तुम्ही त्याला पेज करून घातली, पर ती करपली..."

पेजेचं ते स्वतः पार विसरले होते. ज्या बाजूवर ते बोलले ती बाजूही तुटलेल्या पट्टीबरोबर गेली होती. पण ते बोलले होते हे खरं, कारण केवळाबाई म्हणून दाखवत होत्या. एकही गोष्ट न गाळता, त्यांच्याच क्रमानं. आवाज पातळ होता, बारका होता. भागवतराव हलले नाहीत. "हे झालं तुमचं. आता माझं ऐका." इथे ते तुटलं.

त्यांनी ते चारदा ऐकलं. मग लॅपटॉपचा माइक तोंडासमोर येईल असा तो जवळ ओढला आणि लाल ठिपका दाबला. हेडफोन दोन नंबरलाच ठेवला. मागची वायर एकदा चाचपून पाहिली.

"ऐकायलीस ना? मी बोलायलो," ते म्हणाले. त्यांचाच आवाज फिरून उशिरानं कानात आला. "तुझी कॅसेट पोचली. उत्तर द्यायचं राहिलं. तू म्हणलीस की तूर बरी हाय पर शेंगा कमी धरल्यात. तू म्हणलीस की न्हाणीची भिंत पडली आन् तू एकलीनं दगडं उचलली..."

चार दिवसांपूर्वी ऐकलेलं सगळं जागेवर होतं. एकदा ऐकून अर्धा तास मनात धरून ठेवायची सवय सहा वर्षांत लागली होती, ती गेली नव्हती. गिरणीवाल्याचं दुसरं लग्न आलं, ताट आलं, ते ताट कोण खातं तेही आलं. जिथे त्या थांबल्या होत्या तिथे ते थांबले. जिथे हसल्या तिथे हसायला जमलं नाही, म्हणून "इथं तू हसलीस" असं म्हणून पुढे गेले.

"तू म्हणलीस की एकलं वाटतं का ते सांगा. तू म्हणलीस की कॅसेट धाडू नका, या. हे झालं तुझं. आता माझं ऐक." निळी रेघ सपाट चालत राहिली. "आलो हुतो मी. पर ते सांगायचं राहिलं. वाटायचं. लई वाटायचं. दहा माणसं असायची खोलीत तरी वाटायचं. तू काळजी करशील म्हणून ऊन सांगत बसलो. आन् आता बी वाटतं. सकाळी उठलो की वाटतं. पोरगी फोन करती, तिला बी सांगाय येत न्हाई. जेवलो म्हणतो. कधी जेवलेला असतो, कधी न्हाई." त्यांनी ठिपक्याकडे बोट नेलं. "एवढंच हाय."

ठिपका बंद करून त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं. सगळं पोचलं होतं. बावीस मिनिटं.

लातूरला ते वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीच्या एसटीनं गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता खिशातल्या पेन ड्राइव्हवर हात होता. वर्षाराणीच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती. ती पिठाच्या हातानं दारात आली, "या, दादा" म्हणाली आणि तिची नजर खिशावरच्या हातावर गेली.

भागवतरावांनी तिला मागच्या पडवीत नेलं. "चूक झाली माझी," ते म्हणाले. सगळं सांगितलं. दोन भोकं, वायर, पट्टी. काही लपवलं नाही. "दोन मिनिटं हाय आईचं. त्यात ती माझंच बोलणं म्हणून दावती. बाकीचं तिचं मी म्हणलोय. मला जसं ऐकू आलं तसं."

वर्षाराणी पेन ड्राइव्हकडे बघत राहिली. आतून कोणीतरी तेलाचा डबा विचारला तशी पिठाच्या हातानंच ती वस्तू पदराच्या टोकाला बांधून आत गेली.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवले. आवाजाचा विषय कोणी काढला नाही, तिनंही नाही. निघताना तिनं पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या घातल्या, वाकून पाया पडली, "पोचलाव की फोन करा" म्हणाली. परतीच्या एसटीत भागवतरावांनी खिडकीला डोकं टेकलं. आपण लेकीला आईऐवजी स्वतःला ऐकवलं, तेही न मागता, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि नांदेड येईपर्यंत त्यांना स्वतःची भारी लाज वाटत राहिली.

पुढे आठ दिवस एकचा फोन तसाच आला. जेवलाव का. हाव. गोळ्या. घेतल्या. ती त्याबद्दल काही बोलली नाही आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही.

नवव्या दिवशी फोन आला नाही. दीड वाजला, दोन वाजले. भागवतराव ताट झाकून बसले. अडीचला दार वाजलं. दारात वीरेश होता, वर्षाराणीच्या शेजारचा, नांदेडला कामानं आलेला. "ताईनं दिलंय. हातातच द्या म्हणल्या," म्हणून त्यानं औषधाच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून बांधलेली वस्तू पुढे केली आणि पाणीही न पिता गेला.

तोच पेन ड्राइव्ह होता.

लॅपटॉपवर त्यांना आधीच्या दोन फायली दिसल्या, दोन मिनिटांची आणि बावीस मिनिटांची. खाली तिसरी, नवी. अठ्ठेचाळीस मिनिटांची. त्यांनी पंखा बंद केला, फ्रीजचा प्लग काढला, जोड लावून पिन दोन नंबरात घातली.

आधी मिक्सरचा आवाज, मग तो बंद झाला. दार लावल्याचा आवाज.

"ऐकायलाव ना, दादा? मी बोलायले," वर्षाराणी म्हणाली. "तुम्ही म्हणलाव की आई म्हणली की तूर बरी हाय पर शेंगा कमी धरल्यात. तुम्ही म्हणलाव की आई म्हणली की न्हाणीची भिंत पडली..."

पोरगी काही गाळत नव्हती. भिंत आली, गिरणीवाला आला, ताट आलं. "तुम्ही म्हणलाव की इथं आई हसली," असं म्हणून ती स्वतःच हसली, आणि ते हसणं भागवतरावांच्या ओळखीचं होतं. मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही म्हणलाव की एकलं वाटायचं. आन् आता बी वाटतं. सकाळी उठलो की वाटतं. आन् मला सांगाय येत न्हाई. तुम्ही म्हणलाव की जेवलो म्हणतो, पर कधी जेवलेला नसतो."

भागवतरावांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. समोर झाकलेलं ताट तसंच होतं.

"हे झालं तुमचं, दादा," वर्षाराणी म्हणाली. "आता माझं ऐका."